मॉरिशस : आपल्याच दगडाचें बेट



मॉरिशस हें नांव निघालें कीं निळें पाणी, पांढरी वाळू आणि नवीन लग्न झालेलीं जोडपीं आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. प्रवासी कंपन्यांचीं रंगीत पत्रकें याहून अधिक कांहीं दाखवीत नाहींत, आणि तीं दाखवितात तें खोटें आहे असेंहि नाहीं. परंतु तो त्या देशाचा नुसता कांठ झाला. लुगड्याची पारख पुष्कळदां कांठावरून होते हें खरें. पण नेसावयाचें असतें तें सबंध लुगडें. त्या कांठाच्या आंत जो देश आहे, जेथें लोक राहतात, ऊंस पिकतो, पाऊस पडतो आणि कधीं कधीं पडत नाहीं, त्या देशाविषयीं आज मला बोलावयाचें आहे. आणि तें मी नगर जिल्ह्याच्या अंगानें बोलणार आहें. २०२४ सालीं या जिल्ह्याचें नांव अहिल्यानगर झालें. जुन्या संवयीनें माझ्या तोंडीं नगर येईल, तें श्रोत्यांनीं चालवून घ्यावें. समुद्र ज्यानें पाहिला नाहीं अशा या जिल्ह्याचा हिंदी महासागरांतील बेटाशीं संबंध काय, असें कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो पहिल्यानें आपल्या पायांखालींच सांपडतो.

नगरच्या भुईकोट किल्ल्याचा तट, हरिश्चंद्रगडाचे कडे, कळसूबाईचें शिखर आणि विहीर खणतांना सुरुंग लावून फोडावा लागणारा काळा पाषाण, हे सारे एका जातीचे. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं भारताचा भूखंड सावकाश उत्तरेकडे सरकत असतां तो पृथ्वीच्या पोटांतील एका अतितप्त स्थानावरून गेला. त्या वेळीं खालून लाव्हा रस वर आला, थरावर थर पसरले आणि थिजले. पायऱ्यापायऱ्यांच्या डोंगरांचें आपलें दख्खनचें पठार तें हेंच. भूखंड पुढें निघून गेला. चूल मात्र मागें राहिली. लक्षद्वीप, मालदीव आणि चागोस हीं बेटें ज्या बुडालेल्या डोंगरांच्या माथ्यांवर आहेत, ते डोंगर त्याच चुलीवर उठले. पुढें महासागराच्या तळाची भेग रुंदावत गेली व चूल तिच्या पलीकडील, आफ्रिकेच्या बाजूच्या तळाखालीं आली. तेथें सुमारें ऐंशी-नव्वद लक्ष वर्षांपूर्वीं मॉरिशस पाण्याबाहेर आलें. आज ती चूल मॉरिशसच्या पश्चिम-नैर्ऋत्येस दोनशें किलोमीटरांच्या आंत असलेल्या रेयुनियों या फ्रेंच बेटाखालीं धगधगत आहे, आणि तेथील ज्वालामुखी अजून वरचेवर रस ओकतो. तपशिलांविषयीं भूशास्त्रज्ञांचे वाद चालू आहेत. पण नगरचा दगड आणि मॉरिशसचा दगड एका चुलीवरचे, हें बहुतेकांना मान्य आहे. वयांत मात्र अंतर मोठें. आपला दगड थोरला. मॉरिशसचा त्याच्या सातवा-आठवा हिस्सा वयाचा.

मॉरिशसमधील ज्वालामुखी केव्हांच विझले. क्युरपिप शहरांत एका मृत ज्वालामुखाचा खोलगट वाडगा आहे. त्याच्या उतारांवर दाट झाडी वाढली असून तळाशीं पाणी सांचतें. दुसऱ्या एका ज्वालामुखांत जें तळें झालें आहे त्याला तेथील हिंदु लोक गंगातलाव म्हणतात. महाशिवरात्रीला बेटाच्या कानाकोपऱ्यांतून लोक कावडी घेऊन पायीं तेथें येतात. डोंगर फार उंच नाहींत. सर्वांत उंच शिखर ८२८ मीटरांचें, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या जवळजवळ निम्मे. परंतु ते समुद्राजवळून एकदम उठतात आणि त्यांचे आकार चमत्कारिक आहेत. पीटर बोथ नांवाच्या सुळक्याच्या माथ्यावर तर कोणी हातानें आणून ठेवावा तसा एक प्रचंड गोल धोंडा बसलेला आहे.

नकाशांत पाहिलें तर मॉरिशस मादागास्करच्या पूर्वेस सुमारें आठशें किलोमीटरांवर येतें. नगर विषुववृत्ताच्या उत्तरेस १९ अंशांवर, तर मॉरिशस दक्षिणेस २० अंशांवर. जणूं आरशांतील प्रतिबिंब. त्यामुळें ऋतु उलटे. आपल्याकडे वैशाख वणवा पेटलेला असतो तेव्हां तिकडे थंडीची चाहूल लागते, आणि आपण शेकोटीपाशीं बसतों तेव्हां तिकडे उकाडा व वादळांचे दिवस. मुख्य बेटाचें क्षेत्रफळ सुमारें १,८६५ चौरस किलोमीटर. नगर जिल्हा १७,०४८ चौरस किलोमीटरांचा असल्यामुळें त्यांत अशीं नऊ बेटें मावतील. मात्र आपल्या जिल्ह्यांत २०११ च्या खानेसुमारीप्रमाणें दर चौरस किलोमीटरास २६६ माणसें होतीं, तर मॉरिशसमध्यें हाच आंकडा सहाशेंच्या वर जातो. पूर्वेकडील रॉड्रिग्ज बेट आणि उत्तरेकडील कांहीं चिमुकलीं बेटें याच राज्यांत मोडतात. पण आज मला मुख्य बेटाच्या बाहेर जातां येणार नाहीं.

आतां पावसाकडे वळूं, कारण तेथें आपल्याला दुसरी ओळख पटते. आपल्या जिल्ह्यांत अकोलें तालुक्यांतील घाटघर-रतनवाडीच्या बाजूस सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाळ्यांत आभाळ फाटतें. तेथून पूर्वेस सव्वाशें-दीडशें किलोमीटर आलें कीं नगर शहराला वर्षाकाठीं साडेपांचशें-सहाशें मिलिमीटर पाऊस झाला तरी देव पावला असें वाटतें. ढग डोंगरावर रिकामे होतात आणि आपण त्यांच्या सावलींत कोरडे राहतों. मॉरिशसमध्यें हाच खेळ, पण भातुकलीच्या अंतरांत. तिकडे वारा आग्नेयीकडून येतो आणि वर्षभर येतो. मधलें पठार चढतांना तो पाणी टाकून देतो, आणि डोंगर ओलांडून पश्चिमेस उतरतो तेव्हां त्याच्याजवळ देण्यासारखें फारसें उरलेलें नसतें. क्युरपिप येथें वर्षाला तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. तेथून अवघ्या वीस किलोमीटरांवरील राजधानीच्या पोर्ट लुई शहरांत हजाराच्या आंत. पठारावर छत्री उघडून मोटारींत बसलेला मनुष्य बंदरांत उतरतो तेव्हां ती छत्री त्याला ऊन अडविण्यासाठीं लागते. १८६७ सालीं हिंवतापाच्या भयंकर सांथीनें पोर्ट लुईंत हाहाकार उडविला, तेव्हां ज्यांना शक्य झालें ते लोक वर पठारावर राहावयास गेले. क्युरपिप वाढलें तें तेव्हांपासून. पठारावर तलाव आहेत. तरी पावसानें ओढ दिली कीं नळाच्या पाण्याच्या वेळा ठरवाव्या लागतात, आणि हें दृश्य नगरकरांना समजावून सांगण्याची जरूर नाहीं.

या बेटावर मूळची वस्ती अशी मुळींच नव्हती. डच खलाशी १५९८ सालीं तेथें उतरले व त्यांनीं आपल्या मॉरिस नांवाच्या राजपुत्राचें नांव बेटाला दिलें. त्याच सुमारास इकडे चांदबिबी नगरचा किल्ला मोंगलांविरुद्ध झुंजवीत होती. तिचा पाडाव १६०० सालीं झाला. डचांना भेटला तो डोडो पक्षी. कबुतराच्या कुळांतला, पण राजहंसाहून जड, उडतां न येणारा आणि भय म्हणजे काय हें ठाऊक नसलेला. माणसांबरोबर डुकरें, माकडें व उंदीर आले. त्यांनीं जमिनीवर घातलेलीं अंडीं खाल्लीं, आणि शंभर वर्षांच्या आंत डोडो पृथ्वीवरून नाहींसा झाला. मौज अशी कीं जिवंत डोडोवरून काढलेल्या चांगल्या रंगीत चित्रांपैकीं एक आपल्या देशांतलें आहे. जहांगीर बादशहाच्या पदरच्या उस्ताद मन्सूरचें तें मानतात. जहाजांतून कोणी तो पक्षी सुरतेस आणला होता.

डचांनीं जावा बेटांतून १६३९ सालीं ऊंस आणला आणि कंटाळून १७१० त बेट सोडलें. १७१५ पासून फ्रेंच आले. १८१० त इंग्रजांनीं बेट जिंकलें, पण फ्रेंच मळेवाल्यांची भाषा, कायदे आणि जमिनी त्यांच्याकडेच राहूं दिल्या. फ्रेंचांनीं आफ्रिका व मादागास्कर येथून हजारों गुलाम आणले होते. आपल्या नगरच्या निजामशाहीचा आधारस्तंभ मलिक अंबर हाहि समुद्रापलीकडून विकत आणलेला हबशी गुलामच होता; पण येथें तो वजीर झाला, आणि मॉरिशसमधील गुलामाला पळून डोंगरांत लपण्यापलीकडे वाट नव्हती. बेटाच्या नैर्ऋत्य टोंकाला समुद्रांत घुसलेला ल मॉर्न हा ५५६ मीटर उंचीचा कातळ अशा पळालेल्या लोकांचा आसरा होता. आज त्याच्या पायथ्याशीं उंची हॉटेलें आहेत. २००८ पासून तो जागतिक वारसा म्हणून जपला जातो, आणि त्या बेटावर एकच स्थळ पाहावयास वेळ असेल तर मी हेंच पाहावयास सांगेन.

१८३५ च्या फेब्रुवारींत गुलामगिरी बंद झाली. मळे ओस पडतील या भीतीनें मळेवाल्यांनीं आधींपासूनच हिंदुस्थानाकडे दृष्टि लावली होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजीं कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन एक जहाज पोर्ट लुईला लागलें. त्यानंतर १९१० पर्यंत सुमारें साडेचार लाख माणसें अशीं नेलीं गेलीं. पुष्कळशीं बिहार व संयुक्त प्रांतांतील, कांहीं तामीळ व तेलुगु, आणि मुंबई बंदरांतून चढलेलीं आपलीं मराठी माणसें, मुख्यतः तेव्हांच्या रत्नागिरी जिल्ह्यांतलीं, सावंतवाडीकडचीं आणि साताऱ्याकडचीं. पोर्ट लुईच्या धक्क्यावर जेथें त्यांची नोंद होई, तो अप्रवासी घाट अजून उभा आहे. नोंदवहींत नांव, बापाचें नांव, गांव, जात, उंची आणि अंगावरची खूण लिहीत. पुढें फोटोहि काढूं लागले. मोका येथील महात्मा गांधी संस्थेंत त्या वह्या जपून ठेवल्या आहेत, आणि नातवंडें-पणतवंडें आपलें मूळ गांव हुडकीत तेथें येतात. साहेबानें एकच नांव लिहून घेतल्यामुळें पणजोबांचें भिवाजी किंवा सखाराम हें नांवच कित्येक घराण्यांचें आडनांव होऊन बसलें आहे.

या कराराला लोक ‘गिरमिट’ म्हणत. त्यांतलें एक कलम मला विशेष सांगावेंसें वाटतें. मजूर एक दिवस कामावर आला नाहीं तर मजुरी कापावयाची ती दोन दिवसांची. आजारपणाचीहि सबब नसे. महिनाअखेर कित्येकांच्या हातांत येणें उरण्याऐवजीं देणेंच उरे. शिवाय १८६७ च्या कायद्यानें, ज्याचा करार संपला आहे अशा मजुरानेंहि फोटो लावलेला परवाना खिशांत बाळगल्याविना रस्त्यावर फिरावयाचें नाहीं, असें ठरलें. १८७१ सालीं आडोल्फ द प्लेवित्स नांवाच्या एका गोऱ्या मळेवाल्यानेंच मजुरांचा अर्ज तयार करविला. त्यावर ९,४०१ सह्या व अंगठे होते. दुसऱ्या वर्षीं चौकशीसाठीं राजाज्ञेनें आयोग आला.

हें ऐकतांना नगर जिल्ह्यांतील मनुष्याला पाथर्डी-शेवगांवकडील ऊंसतोडणीच्या टोळ्या आठवल्याविना राहणार नाहींत. दिवाळीच्या सुमारास नवरा-बायको मुकादमाकडून उचल घेतात, बिऱ्हाड उचलतात आणि कारखान्यावर कोपी घालून राहतात. दोघांचा मिळून हिशेब ‘एक कोयता’ असा होतो. पडला दिवस तर त्याला ‘खाडा’ म्हणतात, आणि खाड्याची भरपाई उलट मजुरानेंच करावयाची. गिरमिट कायद्यानें १९१७ त बंद झालें. हा करार कागदावरहि नसतो. दोन्ही अगदीं एकच आहेत असें मी म्हणणार नाहीं. आपल्याकडील तोडणीवाल्याला आपलें गांव सुटत नाहीं, मत देतां येतें, आणि चैत्रांत घरीं परततां येतें. पण दोन दिवसांच्या मजुरीचें तें कलम वाचल्यावर ‘खाडा’ हा शब्द मला पूर्वीसारखा साधा वाटेनासा झाला आहे.

मॉरिशसच्या शेतांत एक गोष्ट प्रवाशाला चमत्कारिक वाटते. उंसाच्या हिरव्या फडांत मध्येंच काळ्या दगडांचे मोठाले ढीग आणि लांबच लांब भिंती दिसतात. कांहीं तर मनोऱ्यांएवढे उंच. ते देवळांचे अवशेष नव्हेत. जमीन लाव्ह्याची असल्यामुळें धोंड्यांनीं भरलेली. ऊंस लावावयाचा तर पहिल्यानें ते उपसून काढले पाहिजेत. हें काम आधीं गुलामांनीं व मग आपल्या लोकांनीं हातांनीं केलें. आपल्याकडे शेताच्या बांधावर ताली घालतात तोच हा प्रकार, फक्त परक्याच्या शेतावर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस साखरेचे भाव पडले तेव्हां मळेवाल्यांनीं आपल्या निकस, खडकाळ जमिनीचे तुकडे पाडून विकले, आणि पैपै सांठविलेल्या मजुरांनीं ते घेतले. तेथून त्या देशाचा शेतकरी उभा राहिला, आणि त्याचीं मुलें शाळेंत गेलीं. बेट १२ मार्च १९६८ रोजीं स्वतंत्र झालें. दांडीयात्रेचा दिवस मुद्दाम निवडला होता.

आपल्या जिल्ह्यांत ऊंस आला तो धरणाच्या पाण्यावर. भंडारदऱ्याचें धरण १९२६ त पुरें झालें आणि प्रवरेच्या कालव्यांनीं कोरड्या जमिनीचें रूप पालटलें. प्रथम खासगी कारखाने निघाले. पण १९५०-५१ च्या हंगामांत विठ्ठलराव विखे पाटलांनीं धनंजयराव गाडगीळ व वैकुंठभाई मेहता यांच्या साह्यानें प्रवरानगरचा सहकारी कारखाना चालू केला, आणि ऊंस पिकविणाराच कारखान्याचा भागीदार झाला. मॉरिशसमधील शेतकऱ्याला जमीन मिळाली, गिरणी नाहीं. ती बहुतांशीं जुन्या फ्रेंच घराण्यांच्या कंपन्यांकडेच राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बेटावर अडीचशेंहून अधिक लहानमोठ्या गिरण्या होत्या; आतां त्या एका हाताच्या बोटांवर मोजाव्या. युरोपनें ठरलेल्या चढ्या भावानें साखर घेण्याचा करार २००९ त संपविला, तेव्हांपासून कित्येक लहान शेतकऱ्यांनीं उंसाला रामराम ठोकला आहे. २०२४ सालीं तेरा लाखांहून अधिक प्रवासी तेथें आले, म्हणजे रहिवाशांपेक्षां पाहुणे जास्त.

त्या पाहुण्यांना ओढणारा जो कांठ, त्याकडे आतां यावयास हरकत नाहीं. बेटाचा दगड काळा, मग वाळू पांढरी कां? कारण ती दगडाची नव्हेच. ती पोंवळ्यांची आहे. किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर पोंवळ्यांच्या किड्यांनीं चुन्याची भिंत बांधून जवळजवळ सर्व बेटाला वेढा दिला आहे. लाटा बाहेर फुटतात आणि आंत उथळ, शांत, हिरवट-निळें पाणी राहतें. नद्यांच्या मुखाशीं गोडें, गढूळ पाणी पोंवळ्यांना मानवत नाहीं, म्हणून तेथें भिंतीला खिंडारें. जहाजें आंत येतात तीं तेथूनच. दक्षिणेस ग्री-ग्री येथें भिंत तुटलेली आहे, आणि तेथें महासागर आपल्या खऱ्या स्वरूपांत काळ्या कड्यांवर आदळतो. नवीन लग्नाच्या जोडप्यांना तेथें सहसा नेत नाहींत; त्यांनीं हट्टानें जावें.

ही भिंत जिवंत आहे, म्हणून ती मरूंहि शकते. समुद्र तापत चालल्यामुळें पोंवळीं पांढरीं पडून मरण्याचे प्रकार गेल्या कांहीं दशकांत वारंवार घडले आहेत. त्यांत २५ जुलै २०२० रोजीं वाकाशियो नांवाचें एक जपानी मालकीचें प्रचंड जहाज आग्नेय किनाऱ्यावर या भिंतीवर चढलें, आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यांत त्याची टांकी फुटून सुमारें एक हजार टन तेल पाण्यांत सांडलें. त्या वेळीं लोक सरकारची वाट पाहत बसले नाहींत. माएबूर्ग गांवांत बायापुरुष, पोरेंटोरें जमलीं. कापडाच्या लांब पिशव्या शिवल्या, त्यांत उंसाचें पाचट आणि तरंगण्यासाठीं रिकाम्या बाटल्या भरल्या, आणि मैलोगणती तसे दोर पाण्यांत सोडून तेल अडविण्याचा यत्न केला. आपल्याकडे पाचट शेतांत पेटवून देतात.

जंगल फार थोडें उरलें आहे. जें आहे तें बहुतेक नैर्ऋत्येकडील ब्लॅक रिव्हरच्या दऱ्यांत. तेथील एका लहानशा ससाण्याचे १९७४ त अवघे चार पक्षी राहिले होते. अंडीं काढून उबवून व पिलें पोसून त्यांची संख्या पुन्हां कांहीं शेंकड्यांवर नेली. डोडोच्या देशांत हें घडलें याचें मला मोठें समाधान वाटतें. शामारेलची सात रंगांची माती पाहण्यासारखी खरी. लाव्हा कुजून त्यांतील लोखंड वेगवेगळ्या रंगांनीं उरलें आहे. पाम्प्लमूस येथील बाग मसाल्याच्या झाडांसाठीं आणि ताटाएवढ्या नव्हे, परातीएवढ्या पानांच्या कमळांसाठीं प्रसिद्ध आहे.

आपल्या मराठी लोकांचें प्रमाण तेथें अगदीं अल्प. घरांत बोलतात ती फ्रेंचमधून उपजलेली क्रिओल. तरी शाळांतून मराठी शिकवितात, नभोवाणीवर मराठी ऐकूं येतें, आणि १८९६ पासून सार्वजनिक रीतीनें गणपति बसतो. गणेशचतुर्थीला तेथें सरकारी सुट्टी असते. त्या दिवशीं ‘झाकरी’ नांवाचा नाच होतो. कोंकणांतील जाखडी ज्यानें पाहिली आहे त्याला त्याची निराळी ओळख करून द्यावी लागणार नाहीं.

जावयाचें तर मे ते नोव्हेंबर हे महिने बरे. जानेवारी-फेब्रुवारींत चक्रीवादळांची धास्ती असते. त्यांतहि सप्टेंबरांत गेल्यास गणपति आणि उंसाचा हंगाम दोन्ही पाहावयास मिळतात. तिकडील गाळप जूनच्या सुमारास सुरू होतें. पुष्कळशी तोडणी आतां यंत्रानें होते, आणि यंत्राचीं चाकें अडूं नयेत म्हणून उरलेसुरले धोंडेहि शेतांतून काढले जात आहेत. डिसेंबरापर्यंत तो हंगाम आटोपतो. तोंपर्यंत इकडे पाथर्डीहून ट्रक निघून महिना होऊन गेलेला असतो, आणि प्रवरेच्या कांठीं कोप्यांतून चुली पेटलेल्या असतात.